साडेअडतीस अंशांवरची गजरा

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आण्णाच्या म्हशीचं दूध प्यायचं तर आधी आण्णाची शिवी खावी लागायची. "ग्लास नीट धर की मुडद्या, हात हाय का वाकळ हाय?" असं ओरडतच तो आचळातनं सरळ ग्लासात धार सोडायचा. गिऱ्हाईक पेठेतलं असो नाहीतर पुण्याहून देवीला आलेलं पावणं असो, आण्णाच्या तोंडाला कुणाचा मुलाहिजा नव्हता. बायकोला, धोंडुबाईला, तर चारचौघांत इतकं टाकून बोलायचा की ऐकणाऱ्यानंच मान खाली घालावी. लोक तरी यायचे, कारण दूध खरं होतं. मला विचाराल तर माणूस म्हणून आण्णा एक नंबरचा नालायक, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

पण एका जीवाला त्यानं जीव लावला, तेवढं कबूल करायला पाहिजे. तो जीव म्हणजे त्याची म्हैस, गजरा.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशींचा दिवस असतो. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, पाठीवरचे केस भादरून त्यात नाव कोरायचं, आणि मोटरसायकलीमागं म्हैस पळवत गर्दीतनं न्यायची. दोरी नाही, काठी नाही. म्हशीनं मालकाच्या आवाजावर पळायचं. ज्याची पळाली त्याची मान वर्षभर ताठ. आण्णाच्या जुन्या राजदूत गाडीला भंगारातल्या लॉरीचा रबरी भोंगा बांधलेला होता. तो दाबला की रेडा हंबरावा तसा आवाज निघायचा, आणि सायलेन्सर काढलेल्या सगळ्या गाड्यांच्या कल्लोळात गजरा त्या एका आवाजामागं पळायची. बघणारे शिट्ट्या मारायचे. कट्ट्यावरचा दुसरा गवळी सयाजी तेवढा तोंड फिरवून तंबाखू मळत बसायचा.

"हिला म्या शिकवलीच न्हाय," आण्णा ज्याला त्याला सांगायचा. "हिची आय गाभण असताना माझ्या गाडीमागं पळालती. भोंगा हिनं पोटातनंच ऐकलाय." ऐकणारे हो म्हणायचे, दूध प्यायचे आणि निघून जायचे. आण्णाचा मात्र त्यावर देवावर असावा तसा विश्वास होता.

त्या वर्षी श्रावणात म्हशी धुवायला नेल्या असताना गजरा पंचगंगेच्या घाटावर शेवाळावरनं घसरली. मागचा खुबा निखळला, मांडीचं हाड मोडलं. टेम्पोत घालून गोठ्यात आणली ती परत उठली नाही. डॉक्टरांनी हात टेकले. शहाण्या माणसानं तिला इंजेक्शन देऊन सोडवली असती, पण आण्णा शहाणा कधी होता? जनावर पडून राहिलं. अंगाखाली जखमा झाल्या, जखमांत अळ्या झाल्या. धोंडुबाई औषध घालायची आणि रडायची. आण्णा काय करायचा? भोंगा आणून तिच्या कानाशी वाजवायचा. आवाजासरशी ती पुढच्या पायांवर उठायला बघायची, थरथरायची आणि आदळायची. तो परत वाजवायचा. गल्लीतल्या बायकांनी कानांत बोटं घातली होती म्हणे. मी स्वतः एकदाच पाहिलं, आणि तिथंच त्याला नालायक म्हणालो.

मी तिथं कसा, तेही सांगतो. माझं नाव प्रसेनजीत. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर श्रुती मॅडमची छोटी प्रयोगशाळा आहे, तिथली यंत्रं मी बनवतो. मॅडम जनावरांच्या डॉक्टर, मूळच्या बिद्रीकडच्या. म्हशीची बीजं शरीराबाहेर काढून काचेत वाढवायची, हे त्यांचं संशोधन. एरवी आम्हाला बीजं मिळायची ती कत्तलखान्यातनं. गजराला बघणाऱ्या डॉक्टरांनी मॅडमना कळवलं, आणि आम्ही दोघं गोठ्यात गेलतो.

"आण्णा, सोडवा आता हिला," मॅडम म्हणाल्या. "इंजेक्शन देऊ. जीव गेल्या गेल्या हिची बीजं मी काढून घेते. चांगल्या रेड्याचं वीर्य आहे माझ्याकडं. गर्भ तयार झाला तर दुसऱ्या म्हशीच्या पोटात ठेवू."

आण्णानं गजराच्या अंगावरच्या माशा हाकलल्या. मग म्हणाला, "म्हंजे गजरा परत येनार."

"गजरा नाही. गजराचं पारडू. आणि तेही झालं तर."

"येनार म्हना की!"

मॅडमनी परत समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली, पण त्याच्या डोळ्यांकडं बघून मला कळलं की ह्याच्या डोक्यात एकच वाक्य शिरलंय आणि ते आता घण घातला तरी निघायचं नाही. त्यानं गजराचं डोकं मांडीवर घेतलं. इंजेक्शन झालं. मॅडमनी पुढचं काम केलं, आणि मी थर्मासचं झाकण लावलं. थर्मासमधलं पाणी म्हशीच्या अंगाएवढं गरम होतं, साडेअडतीस अंश. बाहेर गजरा गार पडत चालली होती.

आता आमचं काम कसं असतं ते थोडक्यात सांगतो. आम्ही ज्याला चिप म्हणतो ती बोटाएवढी काचेची पट्टी. तिच्यावर पारदर्शक रबरासारखा थर, आणि त्या थरात केसाएवढे बारीक पाट. पाटांना जागोजागी खळगे, एका खळग्यात एक बीज. पाटातनं त्यांचं खाणं-पाणी हळूहळू वाहत राहतं, पोटात मिळतं तसं. इथवर सोपं आहे. जीव खाते ती उष्णता. पोटात ऊब चारी बाजूंनी असते. काचेत ती आपण द्यायची, आणि ते पाणी इतकं कमी की नुसती एसीची झुळूक लागली तरी निवतं. बघायला सूक्ष्मदर्शकाचं भिंग काचेला टेकवलं की ते भिंगच ऊब ओढून घेतं. गिझरसारखं चालू-बंद करून भागत नाही, कारण गिझर आधी जास्त तापतो आणि मग जास्त निवतो. त्या हेलकाव्यात बीज मरतं. एक अंश वर गेलं तरी मरतं, आणि मेलेलं लगेच दिसतही नाही.

म्हणून मी काचेवर डोळ्याला न दिसणारा तापणारा थर बसवला होता, पाटाच्या अगदी लगत केसासारखा सेन्सर ठेवला होता आणि भिंगालाही वेगळी ऊब दिली होती. आकडा जवळ यायला लागला की यंत्र आपोआप हात आखडता घ्यायचं. समोर लाल अक्षरांत आकडा दिसायचा, अडतीस पूर्णांक पाच. कितीतरी महिने मी त्या एका आकड्यासाठी घासले होते.

आण्णा रोज सकाळची धार काढून यायचा आणि त्या लाल आकड्यासमोर स्टूल टाकून बसायचा. मॅडमनी आधी हाकलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिलं. आमचाच चहा प्यायचा आणि आमच्याच चहाला नावं ठेवायचा. "ह्ये दूध न्हवं, चुना हाय." एकदा खिडकी उघडी राहिली, आकडा खाली गेला आणि सावरताना क्षणभर अडतीस पूर्णांक सहा झाला. एवढंच. आण्णानं उठून माझी कॉलर धरली.

"जाळतोस व्हय रं तिला? आँ? जाळतोस?"

"आण्णा, सोडा. आलं परत जागेवर."

"परत वर गेलं तर हात मोडीन तुझा." मग स्टुलावर बसला आणि आकड्याकडं बघत एकदम मऊ आवाजात म्हणाला, "हाय, हाय. गजरा हाय." हा कॉलरचा प्रसंग लक्षात ठेवा. मी तर मरेपर्यंत विसरणार नाही.

बीजं एकेक करून गेली. काही फळलीच नाहीत, काही फळून थांबली, एक चांगलं वाढत होतं ते आठवड्याच्या शेवटाला काळं पडलं. दर वेळी आण्णा घरी जाऊन धोंडुबाईवर राग काढायचा. शेवटी एकच गर्भ उरला, गोल, स्वच्छ, बघत राहावा असा. मॅडम सहसा हसत नाहीत, त्या हसल्या.

तो ठेवायला म्हैस पाहिजे होती. आण्णानं वडगावच्या बाजारातनं सगळ्यात पडेल म्हैस उचलली. एक शिंग अर्धं मोडलेलं, अंग रोडावलेलं, स्वभावानं गरीब. मी नाव विचारलं.

"नाव कशाला? डब्याला नाव असतंय व्हय? डबडं हाय त्ये. आत काय हाय त्याला किंमत." त्या दिवसापासनं तिचं नाव डबडी पडलं. दूध देणाऱ्या म्हशींना सरकी आणि तिला कडबा, असा न्याय. धोंडुबाई तेवढी येता-जाता तिचं कपाळ खाजवायची आणि डबडी डोळे मिटून उभी राहायची. दोघींचं जमलं होतं. घरात तसंही त्या दोघींनाच सारख्या शिव्या होत्या.

गणपतीच्या आधी मॅडमनी गर्भ डबडीच्या पोटात ठेवला. महिना उलटल्यावर आम्ही सोनोग्राफीचं यंत्र घेऊन गेलो. पडद्यावर काळं पाणी, पाण्यात शेंगेच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि त्यात लुकलुकणारा ठिपका. "काळीज आहे ते," मॅडम म्हणाल्या. आण्णा गोठ्यातल्या शेणातच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा वाटलं, करतोय ते काम वाया जात नाही.

मॅडमनी तिथंच त्याला बजावलं. "आण्णा, आता ही म्हैसच आमची चिप. हिचं अंग तापलं की आतलं पारडू तापलं. म्हशीला घाम नसल्यात जमा, एकदा तापली की लवकर निवत नाही. सावलीत ठेवा, अंगावर पाणी मारा, लांब चालवू नका. ऑक्टोबरचं ऊन तर अजिबात नको."

"मला म्हशी शिकवू नगा," आण्णा म्हणाला. पण त्यानं डबडीला गोठ्यातली सगळ्यात गार जागा दिली, वर ओली पोती टांगली. आणि दुसऱ्या दिवसापासनं एक नवंच सुरू केलं. संध्याकाळी भोंगा घेऊन यायचा, डबडीच्या पोटाशी टेकवायचा आणि वाजवायचा. ती दचकून हिसके द्यायची. मग ती उभी राहावी म्हणून मूठभर सरकी पेंड तिच्या तोंडापुढं धरायची. वाजवायचा, पेंड. परत वाजवायचा, परत पेंड.

"आवं, पोटातल्याला ऐकू तरी येतंय का एवढ्यात?" धोंडुबाई म्हणाली.

"तुला काय कळतंय? गजरा आशीच शिकली." मला वाटलं, करू दे. भोंग्यानं काही तापत नाही.

दिवाळी आली. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी कट्ट्यावर होतो. सयाजी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आण्णा, औंदा मोकळाच भोंगा वाजवीत हिंडनार व्हय? का राजारामपुरीची काच बांधून आननार गाडीमागं?"

कट्टा फिदीफिदी हसला. आण्णानं शिवी दिली नाही. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतो असं आता कुणी म्हणेल. पण सोनोग्राफी बघून शेणात बसून रडलेला माणूस काय करेल, काय करणार नाही, ह्याचा अंदाज कोण बांधणार? त्यानं शांतपणे धार पुरी केली आणि म्हणाला, "गजरा येनार. उद्या बघ."

आमच्या कोल्हापुरात ह्याला ईर्षा म्हणतात. ती अंगात आली की माणूस स्वतःचं घर पेटवून शेजाऱ्याला उजेड दाखवतो.

मॅडम दिवाळीला गावी गेल्या होत्या. डबडीचा ताप बघून ये म्हणून सांगितलं होतं, म्हणून पाडव्याला ऊन चढल्यावर मी थर्मामीटर घेऊन गोठ्यात गेलो. डबडीची जागा रिकामी. धोंडुबाई दारात बसलेली.

"न्हेली," ती म्हणाली. "पाया पडले, तर लाथ घातली मला."

मी पळालो. गर्दीत घुसलो, चार जणांचे धक्के खाल्ले आणि समोर बघितलं. डबडीच्या दीड शिंगाला भगवा रंग, गळ्यात झेंडूच्या माळा. पाठीवरचे केस भादरून मोठ्या अक्षरांत कोरलेलं, गजरा. पुढं राजदूतवर आण्णा, डोक्याला फेटा. तो भोंगा दाबत होता आणि डबडी त्याच्यामागं पळत होती. दाव्यावरनं कधी न हललेली म्हैस, डांबरावर, भर उन्हात, तोंड उघडं, जीभ बाहेर, दोन्ही बाजूंनी फेस. पण पळत होती. भोंग्यामागं, नाकाच्या रेषेत. लोक बेभान झाले होते. सयाजीनं तोंडातली तंबाखू थुंकली आणि तसाच बघत राहिला.

"बघितलास का?" मला बघून आण्णा गाडीवरनंच किंचाळला. "पोटातनं ऐकाय लागलीया माझी गजरा!"

मी आडवा गेलो आणि गाडीची चावी काढून घेतली. "मारताय तुम्ही तिला! अंगाला हात लावून बघा, तवा झालाय. आतलं शिजतंय, आण्णा!"

त्यानं खाली उतरून माझ्या कानाखाली आवाज काढला. सगळ्या गर्दीसमोर. आणि म्हणाला, "तुज्या घरात म्हस हाय व्हय रं? तुमच्यात कुनी म्हस बांधल्याली हाय व्हय कवा? आलाय मला रीत शिकवाय!"

माझ्या घरात म्हैस नव्हती. माझ्या बापाच्याही घरात नव्हती. आज्यानं दुसऱ्यांच्या गोठ्यातलं शेण काढण्यात जन्म घालवला, आणि हे मीच त्याला आमच्या प्रयोगशाळेत चहा पिताना सांगितलं होतं. मारलेलं मी विसरलो. हे विसरलो नाही.

तेवढ्यात मागं डबडीचे पुढचे गुडघे वाकले. ती देवळातल्या नंदीसारखी बसली आणि मग कलंडली. लोकांनी बादल्या आणल्या, कुणी बर्फ आणला. मी थर्मामीटर लावला. पारा एक्केचाळीसच्या पुढं गेलेला. मी तो आण्णाच्या डोळ्यांपुढं धरला.

"वाचा. दशांशाला माझी कॉलर धरलीती. आता वाचा की!"

त्यानं वाचलं नाही. डबडीच्या अंगावर पाणी ओतत राहिला.

मॅडम बिद्रीहून तशाच निघून आल्या. संध्याकाळी गोठ्यात सोनोग्राफी लावली. काळं पाणी होतं, पाण्यात ते होतं, आता बऱ्यापैकी वाढलेलं, पाय कळत होते. ठिपका लुकलुकत नव्हता. मॅडमनी यंत्र फिरवून फिरवून बघितलं, मग हातातलं खाली ठेवलं.

"मशीन बिघडलीया," आण्णा म्हणाला. माझ्याकडं वळला. "ए पोरा. दुरुस्त कर की. तुला येतंय न्हवं?" आवाजात शिवी नव्हती. हात जोडल्यासारखे झाले होते. तो आवाज मी त्याच्याकडनं पहिल्यांदा ऐकला.

"मशीन चांगली हाय, आण्णा," मी म्हणालो.

चार-आठ दिवसांत डबडी गाभडली. मॅडमनी पडलेलं पारडू बघितलं, रेडा होता की रेडी ते आम्हाला दोघांनाच ठाऊक होतं. बाहेर येताना त्या मला म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, उगाच कशाला. दारात आण्णा उभा होता. विचारलं, "काय हुतं?"

मॅडम गप्प राहिल्या. मी राहिलो नाही. "रेडी होती," मी म्हणालो. "गजराची रेडी. नीट होती सगळी." त्याचं तोंड जे झालं ते मी डोळे भरून बघितलं. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. कुणाला वाटायचं असेल तर त्यानं वाटून घ्यावं.

आता एवढं झाल्यावर माणूस स्वतःला दोष देईल ना? छे! दोन दिवस आण्णा अंथरुणात तोंड लपवून पडला आणि तिसऱ्या दिवशी उठून कट्ट्यावर सांगायला लागला की डबडंच फुटकं निघालं. "बाजारू जनावर. गजराचं रक्त पेलवलं न्हाय तिला." लोकांनी मान डोलावली. काहींना खरंच पटलं. डबडीच्या गर्भाच्या पिशवीत पू झाला होता, ती आता गाभण राहणं अवघड, असं मॅडमनी सांगितल्यावर आण्णानं खाटकाला सांगावा धाडला. मॅडम म्हणाल्या, प्रयोगशाळेसाठी मी ठेवून घेते. तो म्हणाला, माझं जनावर हाय.

टेम्पो आला त्या सकाळी मी गोठ्यातलं आमचं सामान न्यायला गेलतो. खाटकाच्या माणसांनी फळी लावली आणि दावं ओढलं. डबडीनं चारी पाय रोवले. जनावराला वास येतो म्हणतात, तसं असेल. दोघं पुढनं ओढत होते, एक मागनं शेपूट पिरगाळत होता. गुडघ्यांवर काठ्या बसल्या. ती हंबरत नव्हती, नुसती मागं रेटत होती. पाठीवर भादरलेली अक्षरं अजून भरून आली नव्हती.

धोंडुबाई दाराला धरून उभी होती. "आवं, ऱ्हाऊ द्या की तिला. माज्या ताटातलं घालीन. कडबा बी मागनार न्हाय मी."

"तुज्या बानं दिलीया व्हय?" आण्णा ओरडला.

गोठ्यासमोरच्या घराच्या कट्ट्यावर सयाजी येऊन बसला होता, तंबाखू मळत. आणखी चार जण होते. "आण्णा, म्हस ऐकंना व्हय?" सयाजीनं विचारलं. "पाडव्याला तर लई ऐकत हुती."

आण्णानं एकदा तिकडं बघितलं. मग आत गेला आणि राजदूतवरचा भोंगा काढून आणला. मला वाटलं, फेकून मारतोय सयाजीला. तो फळीवरनं टेम्पोत चढला, पार आतल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि भोंगा दाबला.

डबडीचे कान उभे राहिले.

त्यानं परत दाबला. दावं सैल पडलं. काठ्या धरलेली माणसं बाजूला झाली, त्यांची गरजच उरली नाही. डबडी आपल्या आपण फळी चढली, आवाजाच्या रोखानं, नाकाच्या रेषेत, पाडव्याला पळाली तशीच. तिच्या पोटात आता कुणी नव्हतं. आण्णाच्या पुढ्यात जाऊन ती थांबली.

पोटातनं कुणीच काही ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते हिनं. बाजारातल्या, मोडक्या शिंगाच्या, नावसुद्धा न दिलेल्या म्हशीनं महिनाभरात भोंगा शिकून घेतला होता, आणि कोल्हापूरच्या गर्दीत एका आवाजामागं पळून दाखवलं होतं. गजराएवढीच. हे मला त्या क्षणी कळलं, आणि आण्णालाही कळलं. मी त्याचं तोंड बघत होतो. भोंगा धरलेला हात खाली आला. तोंड उघडलं. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं, धोंडुबाईनं फळीवर पायसुद्धा ठेवला होता.

"मालक, दार लावू का?" खाटकाच्या माणसानं विचारलं.

आण्णानं डबडीकडं बघितलं. मग फळीच्या पलीकडं कट्ट्याकडं बघितलं. सयाजी तंबाखू मळायचं थांबवून बघत होता.

"लाव," आण्णा म्हणाला, आणि बाहेर यायला वळला. डबडीनं मान लांब केली, त्याची मूठ हुंगली आणि जिभेनं बोटं उघडून बघितली. त्यात पेंड नव्हती.